अर्ध्या इंचाची चूक

मी चूक बोलतेय. दचकू नका. तुमच्या हातून होते ती चूक नव्हे. सुतार, चपला शिवणारे आणि सीटवाले ठोकतात ती. अर्ध्या इंचाची, काळपट, चौकोनी अंगाची, खाली टोक आणि वर पसरट टोपी. खिळ्यांच्या घरातलं मी शेंडेफळ. दुकानदार मला मापात टाकतो आणि किलोवर विकतो. शिकलेली माणसं मला टॅक म्हणतात. पण ज्यांच्या हातात आमचं आयुष्य जातं, ती माणसं मला चूकच म्हणतात. या एका शब्दापायी एक भला माणूस हकनाक गेला. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म कुठल्या गावी झाला ते मला माहीत नाही. पत्र्याची पट्टी यंत्राच्या एका तोंडातून आत जायची आणि दुसऱ्या तोंडातून आम्ही बहिणी बदाबदा खाली पडायचो. मग भट्टीत तापून अंगावर निळसर काळा रंग चढायचा. एवढं होईतो आम्हाला कागदी पुड्यात कोंबलंसुद्धा. नाव नाही, बारसं नाही. पुढे कधीतरी तो पुडा भोसरीच्या एका हार्डवेअरच्या दुकानात आला आणि तिथून एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये.

त्या शेडमध्ये कंपन्यांच्या बसगाड्यांची सीटं दुरुस्त व्हायची. चाकणच्या कारखान्यांत कामगारांना नेणाऱ्या-आणणाऱ्या गाड्या. या गाड्यांची सीटं लवकर फाटतात, कारण दोन शिफ्टचं काम एका अंगावर काढलेला माणूस सीटवर बसत नाही, कोसळतो. मग फाटकं सीट आमच्याकडे यायचं. खाली प्लायवूडची फळी, वर फोम, त्यावर ताणून बसवलेलं रेक्झिन, आणि ते रेक्झिन फळीला घट्ट धरून ठेवायला आम्ही. तुम्ही कधी अशा सीटवर बसलात तर तुमच्या खाली आम्ही पन्नासजणी दात रोवून पडलेल्या असतो. आमचे आभार आजवर कुणी मानलेले नाहीत.

मालोजी तिथला जुना कारागीर. वय पंचावन्नच्या पुढे, केस पिकलेले, बोटं जाड आणि टोकाशी चपटी झालेली. तीस वर्षांपूर्वी परांड्याकडून बायकोला घेऊन आला आणि दिघीला लष्कराच्या भिंतीजवळ एका खोलीत राहिला तो राहिलाच. त्याचं काम बघण्यासारखं होतं. एका हाताने रेक्झिन ताणायचं, दुसऱ्या हातात चुंबकाची हातोडी. मग चूक धरायला तिसरा हात कुठून आणायचा? म्हणून तोंड. आम्हा वीस-पंचवीसजणींना तो गालात घ्यायचा, जिभेने एकेकीला वळवून टोपी पुढे करायचा आणि ओठांशी आणून ठेवायचा. हातोडीचं चुंबक ओठाला लागलं की चूक चिकटायची, आणि दुसऱ्या क्षणी ती फळीत. टक्, टक्, टक्. डोळे रेक्झिनवरून हलायचे नाहीत.

मालकाने पिना मारायची गन आणली होती. मालक म्हणजे नंदकिशोरशेठ. मालोजीने ती चार दिवस वापरली आणि बाजूला ठेवली. "ही कागदाला ठीक हाय, शेठ," तो म्हणाला. "बस खड्ड्यात आदळली की पिना उठत्यात. सीटला चूकच पायजे." शेठना काम टिकाऊ हवं होतं, त्यांनी मान डोलावली. तोंडात खिळे धरणाऱ्या माणसाला तेव्हाच थांबवायला हवं होतं, हे त्यांच्या मनात आलं असेल की नाही कोण जाणे. आलं असलं तरी ओठांवर आलं नाही.

मालोजीचा एक नेम मात्र पक्का होता. तोंडात चुका असताना बोलायचं नाही. कुणी काही विचारलं तर एक हुंकार म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, आणि भुवया वर गेल्या म्हणजे थांब, तोंड रिकामं होऊ दे. सगळ्या शेडला ही भाषा पाठ होती. चुकांपायी आपण तंबाखू सोडली असं तो ऐटीत सांगायचा. खरं तर ती त्याच्या बायकोने, सरूबाईने सोडवली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चुका तोंडात धरायची सवयही सोडा म्हणून ती तीस वर्षं मागे लागली होती. ती काही सुटली नाही.

मग शेखर आला. नवा सुपरवायझर, चिंचवडात वाढलेला, डिप्लोमा झालेला. वाईट मुलगा नव्हे, हे मी शपथेवर सांगते. सगळ्यांना काका-मामा म्हणायचा, डबा वाटून खायचा. त्याला एकच घाई होती, दर तासाला किती सीटं झाली ते पॅडवर लिहायची. तो विचारायचा, मालोजी भुवया उडवायचा, आणि शेखरचं पेन हवेतच राहायचं. एकदा हे शेठच्या समोर झालं. शेखर कानापर्यंत लाल झाला. नंतर तो मालोजीला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, रागावू नका, पण मी विचारलं की तोंडाने सांगत जा. हूं हूं करून मला काय कळणार?"

मालोजीने ते मनाला लावून घेतलं. "पोरगं वयानं लहान हाय, पर साहेब हाय," तो शेजारच्या मशीनवाल्याला म्हणाला. तीस वर्षांचा नेम त्याने एका पोरसवदा साहेबाचा मान राखायला मोडायचं ठरवलं. हातावर पोट असलेल्या माणसांचं हे असंच असतं. मान देताना गळा धोक्यात आहे हे लक्षात येत नाही.

तो सोमवार होता. सकाळचे अकरा वाजले असतील. कॉम्प्रेसर घरघरत होता. मी मालोजीच्या डाव्या गालात होते आणि माझी पाळी आली होती. जिभेने मला वळवलंच होतं, तेवढ्यात पॅडवरची नजर न काढता शेखरने विचारलं, "काका, किती झाली?"

मालोजीने तोंड उघडलं. "अकरा, साहेब."

अकरा म्हणायला तोंड केवढं उघडावं लागतं, म्हणून बघा. मी जिभेवरून मागे घसरले. त्याने आवंढा गिळला आणि मी गेले.

त्याने बाकीच्या चुका तळहातावर थुंकल्या, हात गळ्याला लावला आणि उभा राहिला. घाबरला होता, पण आरडाओरडा करायचा त्याचा स्वभाव नव्हता. दोन पावलं शेखरजवळ जाऊन तो खालच्या आवाजात म्हणाला, "साहेब, एक चूक गेली बगा."

शेखरने पॅडकडे पाहिलं. अकरा. एक चूक. म्हातारा मोजण्यात एकाने चुकला म्हणायचा. त्याने अकरा खोडून दहा केले. "असू दे काका. होतं असं."

"पर काय व्हनार न्हाई ना?"

"काही होत नाही हो. एवढं मनाला लावून घेऊ नका. काम चालू द्या."

मालोजीच्या छातीवरचा धोंडा उतरला. मी त्याच्या आत होते, मला कळलं. शिकलेला माणूस म्हणतोय होतं असं. म्हणजे होत असेल. कंपन्यांतून हजारदा होत असेल आणि आपोआप निघूनही जात असेल. तो पाणी प्यायला आणि त्याने पुन्हा हातोडी उचलली. संध्याकाळी सीटं मोजली तर एक जास्तच भरली. काकांचं आता वय झालं, असं शेखर मनाशी म्हणाला आणि गाडीला किक मारून घरी गेला.

घरी जाताना मालोजीने अर्धा डझन केळी घेतली. केळ्यात गुंडाळून सगळं सुखरूप बाहेर पडतं, असं त्याने लहानपणी ऐकलं होतं. एकामागून एक सहा केळी खाणारा नवरा बघून सरूबाईने कपाळावर हात मारला. "अवो, बाजार उठला का उद्यापासनं?"

"सवंग मिळाली म्हणून घेतली," तो म्हणाला. खरं सांगितलं असतं तर तीस वर्षांचं बोलणं एका बैठकीत ऐकावं लागलं असतं. आणि साहेबांना विचारलंच होतं की. त्या रात्री तो पोटभर जेवला आणि निवांत झोपला. त्याची ती झोप आठवली की माझ्या अंगावर गंज चढतो.

आत काय होतं ते विचाराल तर काळोख होता, ऊब होती आणि आंबट पाणी होतं. माझा भट्टीतला रंग त्या पाण्याने उतरवला. पहिला दिवस मी पोटातच लोळत होते. तोंडातून दुर्बीण घालून मला चिमट्यात धरायला तेव्हा अर्धा तास पुरला असता. हे मी नाही म्हणत, नंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मंगळवारी संध्याकाळी मी पुढे सरकले, लहान आतड्यात. माझी टोपी जड, म्हणून मी बराच वेळ टोपी पुढे करून चालले. मला वाटत होतं की जाईन अशीच बाहेर, शपथ. माझ्या मनात काही काळं नव्हतं. पण लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं तिथे वाट अरुंद होते. बुधवारी रात्री मी तिथे अडकले, आडवी झाले आणि माझं टोक रुतलं. टोक हे माझ्या अंगाला असंच लावून दिलंय. फळीत रुतलं तर काम, माणसात रुतलं तर घात, हा फरक त्याला कळत नाही.

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते. मालोजी दिवसभर कुशीवर पडून होता. पित्त झालंय म्हणाला, मेडिकलमधून गोळी आणली. शुक्रवारी अंगात कणकण असताना कामाला आला. वाकलं की पोटात कळ यायची, म्हणून सीट मांडीवर घेऊन ठोकत होता. शेखरने विचारलंसुद्धा, "काका, बरं नाही का?" मालोजी म्हणाला, "तेच आपलं, साहेब." ज्या गोष्टीचं सांगून झालंय, ती परत काय सांगायची? शेखर म्हणाला, "जपा काका." दोघं आपापल्या जागी शहाणे होते.

शनिवारी दुपारी तो सीटवरून बाजूला कलंडला. पोट दगडासारखं कडक झालं होतं. रिक्षातून दवाखान्यात नेलं. एक्स-रेमध्ये मी पांढरी स्वच्छ दिसत होते, टोपीसकट. डॉक्टर चारुलता म्हणून एक बाई होत्या. त्यांनी फोटो उजेडावर धरला आणि सरूबाईकडे वळल्या. "हे कधी गिळलं यांनी?"

सरूबाई फोटोकडे बघतच राहिली. "ही चूक हाय," ती म्हणाली. "अवो, ही कधी गेली?"

मालोजीच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. त्याने हाताची बोटं दाखवली, पाच की सहा, ते कुणाला कळलं नाही.

"इतके दिवस कुणालाच सांगितलं नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मालोजीने भुवया वर केल्या. शेडमध्ये त्याचा अर्थ थांबा, सांगतो, असा होता. दवाखान्यात त्याचा काहीच अर्थ नव्हता. स्ट्रेचर आत गेलं.

शस्त्रक्रियेचं मी थोडक्यात सांगते. पोट उघडलं तेव्हा आत पू पसरला होता. माझ्या टोकाने पाडलेलं छिद्र मसुराच्या दाण्याएवढं होतं आणि त्यातून तीन दिवस घाण झिरपत होती. डॉक्टरीणबाईंनी मला चिमट्यात धरून बाहेर काढलं आणि स्टीलच्या ट्रेमध्ये टाकलं. टण् असा आवाज झाला. मग फूटभर आतडं कापून काढलं आणि पोट पाण्याने पुन्हा पुन्हा धुतलं. त्या बाईंनी तीन तास मान वर केली नाही. बाहेर येऊन त्या सरूबाईला म्हणाल्या, "पहिल्या दिवशी आला असतात ना, तर पोटाला हातही लावावा लागला नसता."

मालोजी पाच दिवस आयसीयूत होता. विष रक्तात भिनलं होतं. आधी लघवी बंद झाली, मग शुद्ध गेली. गुरुवारी दुपारी तो गेला. मी छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत, लेबल लावून, बाहेरच्या टेबलावर होते. मी त्याच्या आधी बाहेर पडले होते, धडधाकट, आणि तो आतच संपला. याची शरम मला जन्मभर पुरेल.

सरूबाई रडली नाही. ती चिडली. नळावर, दारात, भेटायला येणाऱ्या बायकांसमोर ती एकच बोलायची. "एकाला तरी सांगायचं हुतं. मला न्हाई तर न्हाई, दुसऱ्या कुनाला तरी. तोंड शिवलं हुतं का या मानसाचं?" नवऱ्यावरचा तिचा राग काही केल्या निवत नव्हता, आणि तो राग असेतो डोळ्यांत पाणी यायला जागाच नव्हती.

आठवड्याने जबाबासाठी सगळ्यांना चौकीत बोलावलं. टेबलावर कागद, शेजारी बाटलीत मी. समोर शेखर आणि नंदकिशोरशेठ, भिंतीकडेच्या बाकावर सरूबाई. हवालदार विचारत होते आणि लिहीत होते. शेखरने सांगितलं की टॅक गिळल्याचं मालोजीने आपल्याला कधीही सांगितलं नाही. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या आवाजात दुःख होतं.

लिहून झाल्यावर हवालदारांनी वाचून दाखवलं. "सदर मयत इसम हे सीट बनविण्याचे काम करीत असताना त्यांनी तोंडात धरलेली अर्धा इंच लांबीची चूक गिळली. सदर बाब त्यांनी मला अगर इतर कोणास सांगितली नाही. करा सही."

शेखरने पेन उचललं आणि थांबला. "चूक गिळली म्हणजे?"

"म्हणजे ही." हवालदारांनी बाटली हलवली. मी आत खुळखुळले. "चूकच म्हणतात ना हिला?"

"आम्ही टॅक म्हणतो."

"तुम्ही म्हणता. माणसं काय म्हणतात?"

शेखर माझ्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा कसा उतरत गेला ते मी काचेसारख्या त्या प्लास्टिकमधून बघितलं. पॅडवर खोडलेले अकरा, त्यावर लिहिलेले दहा, आणि गळ्याला हात लावून उभा राहिलेला म्हातारा, ज्याच्याकडे त्याने मान वर करून पाहिलं नव्हतं. मालोजीच्या त्या वाक्याचे साक्षीदार जगात आता दोनच होते. एक तो आणि एक मी, आणि मला वाचा नव्हती. सही केली असती तर तो उठून घरी गेला असता आणि कुणाला कधीही काही कळलं नसतं.

"सही कर रे, शेखर," शेठ म्हणाले. "अजून दोन ठिकाणी जायचंय."

"हे शेवटचं वाक्य खोडा," शेखर म्हणाला.

"का?"

"त्यांनी सांगितलं होतं. मला."

शेठनी त्याच्या दंडाला हात लावला. "तू दमलायस. काय बोलतोयस कळतंय का?"

"सोमवारी, अकरा वाजता," शेखर हवालदारांनाच सांगत राहिला. "म्हणाले, साहेब, एक चूक गेली. मला वाटलं मोजण्यात चुकले. काही होणार नाही ना, असंही विचारलं त्यांनी. मी म्हणालो, काही होत नाही. काम चालू द्या."

हवालदारांचं पेन थांबलं. "म्हणजे चूक तुमची?"

"हो."

शेखर उठून बाकाजवळ गेला आणि सरूबाईच्या पायाशी उकिडवा बसला. "काकू," तो म्हणाला, "माझी एवढी चूक पोटात…" आणि त्याला पुढचं बोलवेना. माफी मागायला आपल्या भाषेत जे शब्द आपसूक तोंडी येतात तेच आले होते, आणि ते कुणासमोर आले हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. त्याने तोंडावर हात दाबून धरला.

सरूबाईने त्याला माफ केलं नाही आणि दोषही दिला नाही. तिचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. "सांगितलं हुतं," ती हळूच म्हणाली. मग भिंतीकडे बघून पुन्हा, "सांगितलं हुतं त्येंनी." तिने पदर तोंडाशी नेला. "आठ दिस झालं, मेलेल्या मानसाला शिव्या घालतीया मी." आणि मग ती रडली. पहिल्यांदा रडली, मोठ्याने. हवालदार पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर निघून गेले.

मी आता चौकीच्या कपाटात असते. बाटलीवर कापड, कापडावर लाखेची मोहर, बाहेर मुद्देमालाचा नंबर. केस उभी राहील तेव्हा कोर्टात जाईन, नाहीतर इथेच गंजेन. माझ्या बहिणी अजून त्या शेडमध्ये आहेत. मालोजीची जागा दुसऱ्या कारागिराने घेतली आहे. शेठनी त्याला गन दिली आहे असं ऐकते, देव करो आणि ते खरं असो. शेखरने नोकरी सोडली, की त्याला सोडायला लावली, ते मला नक्की कळलेलं नाही.

मागणं एकच आहे. तुमच्या हाताखालचा कुणी माणूस कामातून उठून तुमच्यापाशी येईल, खालच्या आवाजात काही सांगेल. त्याचे शब्द तुमच्या शाळेतले नसतील. काही होत नाही, असं म्हणायच्या आधी हातातलं पॅड खाली ठेवा आणि विचारा, बाबा, काय गेलं, कुठे गेलं. मालोजीला एवढं एक वाक्य हवं होतं. मी तेव्हा त्याच्या घशातून नुकतीच उतरले होते, आणि त्याला वाचवायला अख्खा दिवस बाकी होता.